दुसरी नजर

मुलाखत त्यांनी घेतली, मग आभार आपण का मानायचे, हे मास्तरांच्या काही केल्या डोक्यात शिरत नव्हतं.

"मी गेलो. दोन बस बदलून गेलो. विचारलं ते सांगितलं, करून दाखवा म्हणाले ते करून दाखवलं. आणि वर मीच त्यांचे आभार मानू? उद्या म्हणशील, चढू दिलं म्हणून त्यांच्या जिन्याचेही आभार माना."

"बाबा, पद्धत असते ती," ठकी म्हणाली.

"कुणाची?"

"सगळ्यांचीच. आमच्या ऑफिसात मुलाखतीला येऊन गेलेली माणसं दुसऱ्या दिवशी चार ओळी लिहून पाठवतात. साहेब मुद्दाम वाचतात ते. वेळ दिलात, आभारी आहे, आणि मुलाखतीत झालेल्या एखाद्या गोष्टीची आठवण. संपलं. आपलं काय जातंय त्यात?"

"चहा पाजला त्यांनी, हे खरं आहे," मास्तर जरा विचार करून म्हणाले. "पण पाणचट होता."

शनिवारची सकाळ होती, ठकीला सुट्टी होती, आणि कधी नव्हे ते घरात तिघंही चांगल्या मूडमध्ये होती. आई कट्ट्याशी भाजी चिरत होती आणि पाठमोरी हसत होती. ती हसली की तिचे खांदे हलायचे, तोंड बघायची गरजच नसायची.

ठकी हे काही तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी गालफुगी बाहुलीसारखी दिसायची म्हणून बापाने ठेवलेलं. आता तिची तिशी उलटली, केसांत चांदी दिसायला लागली, विमा कंपनीच्या ऑफिसात तिच्या हाताखाली माणसं आली, पण घरात ठकी ती ठकीच. ऑफिसात तिचं काम पत्रं लिहिण्याचं, आणि तीही बहुतेक नकाराची. आपला दावा मंजूर करता येत नाही, हे समोरच्याला कमीत कमी लागेल अशा बेताने लिहायचं, यात तिचा हात धरणारं तिथे कुणी नव्हतं. त्यामुळे कुणाचे तरी आभार मानायला मिळताहेत याचंच तिला अप्रूप वाटत होतं. तिने कोरा कागद समोर ओढला, पेनाचं टोपण काढलं. तिने आधी मेल करू या म्हटलं होतं, पण मास्तरांना मेल नको होता. का नको ते नंतर कळलं.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. शिवणाचा दोरा बनवणाऱ्या कारखान्यात जिथे दोरा रंगवतात, त्या रंगखान्यातले ते शेडमास्तर. गिऱ्हाईक कापडाचा एक तुकडा टेबलावर टाकणार आणि म्हणणार, ह्याला मिळता दोरा हवा. मग कुठला रंग किती घ्यायचा, कशात कालवायचा, हे ठरवायचं काम मास्तरांचं. रंग बघताना ते जीभ टाळूला लावून चाखल्यासारखं तोंड करायचे. आणि मग गाठ. त्यांच्या धंद्यात एक रीत होती. गिऱ्हाइकाच्या तुकड्यातून एक धागा ओढून काढायचा, आपण रंगवलेल्या धाग्याला तो जोडून बारीकशी गाठ मारायची, शेपट्या कापायच्या, आणि खिडकीशी जाऊन डोळे किलकिले करून तो ताणून धरायचा. गाठ कुठे आहे ते कळलं नाही तर माल पास. कळलं, तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. पास झालेला धागा मास्तर शर्टाच्या बटणाला गुंडाळून घरी घेऊन यायचे आणि आईला दाखवायचे. आई म्हणायची, अहो, जगातली माणसं येताना फुलं आणतात.

हे घर भाड्याने घेतानासुद्धा त्यांनी खोल्या बघितल्या नाहीत, नळाला पाणी येतं का विचारलं नाही. स्वयंपाकघराची खिडकी उत्तरेला आहे, एवढं बघितलं आणि हो म्हणून टाकलं. उत्तरेचा उजेड खोटं बोलत नाही, असं त्यांचं म्हणणं.

तो कारखाना गेल्या वर्षी बंद पडला. मालकाच्या मुलांना त्यात रस नव्हता, जागेला भाव आला होता, झालं. सगळ्यांना घरी बसवलं. बाकीचे कुठे कुठे लागले. मास्तर मात्र जे घरी बसले ते बसलेच. पहिले काही दिवस त्यांनी घर डोक्यावर घेतलं, पडदे धुवायला काढले, कपाटातले कपडे शेडप्रमाणे लावून ठेवले, आईच्या डब्यांवर चिठ्ठ्या डकवल्या. मग हळूहळू सगळं सोडून दिलं. दाढी करेनात. कुणी आलं तर आतल्या खोलीत जाऊन पडायचे. जेवायला हाक मारली की यायचे, जेवायचे आणि ताटाला हात लावून नमस्कार करून उठायचे, पण काय जेवलात विचारलं तर सांगता येत नसे. माणूस घरात आहे आणि नाहीही, असले दिवस. ठकीला ऑफिसातून घरी यायचं जिवावर यायचं, आणि आपल्याला असं वाटतं याची लाजही वाटायची.

आणि मग ही जाहिरात. गावाबाहेरचा एक नवा कारखाना, तोही दोऱ्याचाच. तिथे शेड जुळवायला मशीन होतं, पण ते महिन्यातून अर्धा वेळ आजारी, आणि गिऱ्हाइकं कुरकुर करायला लागलेली. त्यांना जुन्या नजरेचा माणूस हवा होता. ठकीने अर्ज केला, बोलावणं आलं, आणि काल ती अर्धी रजा टाकून त्यांना घेऊन गेली. ती बाहेर बाकावर बसली होती. आत काय झालं ते तिला बापाच्याच तोंडून कळलं, आणि बसमध्ये त्यांनी ते एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा सांगितलं. तिथल्या प्रयोगशाळेच्या प्रमुख एक चष्मेवाल्या बाई होत्या. त्यांनी एक कोटाचा तुकडा दिला आणि म्हणाल्या, मास्तर, ह्याला दोरा जुळवून द्या. मास्तर म्हणाले, खिडकी कुठाय? बाई म्हणाल्या, होती, एसी बसवताना बुजवली.

"मी स्पष्ट सांगितलं त्यांना," मास्तर बसमध्ये म्हणाले होते, इतक्या मोठ्याने की पुढच्या सीटवरचा माणूस मागे वळून बघायला लागला. "ट्यूबलाइटखाली शेड बघायची म्हणजे फोटोवरून भाजीचं मीठ सांगायचं. पण म्हटलं ठीक आहे. हात बसलेला आहे. करून टाकलं. गाठ मारून दिली त्यांच्या हातात. बाईंनी दिव्याखाली धरली, फिरवून फिरवून बघितली. गाठच सापडेना त्यांना. म्हणाल्या, मास्तर, पहिल्या तारखेपासून या. मोठ्या साहेबांची सही झाली की पत्र पाठवते."

काल ठकीने मागे लागून करवली होती, पण आज सकाळी त्यांनी आपणहून दाढी केली होती. कानामागे थोडा फेस तसाच राहिला होता आणि तो पुसायचं धाडस कुणी केलं नव्हतं, इतकं त्या घराला त्याचं कौतुक होतं.

"हं, सांगा," ठकी म्हणाली. "मी लिहिते."

मास्तर हात मागे बांधून येरझारा घालायला लागले. "सविनय नमस्कार, विनंती विशेष. आपल्या कृपाछत्राखाली..."

"बाबा, छत्र नको. उन्हात नाही उभे आपण."

"बरं मग तूच सांग."

"आदरणीय बाई, काल आपण मला वेळ दिलात, माझं बोलणं ऐकून घेतलंत, त्याबद्दल मनापासून आभार." ती लिहिता लिहिता म्हणत गेली. "आता पुढे एक गोष्ट हवी. काल तिथे झालेली. म्हणजे त्यांना तुमचा चेहरा आठवेल."

"चेहरा कशाला, काम आठवू दे," मास्तर म्हणाले. "दोरा लावू या."

"काय?"

"कालचा दोरा. गाठीचा. बाईंना एक ठेवून दिला, दुसरा मी आणलाय बटणाला गुंडाळून. कागदावर चिकटवून देऊ. उजेडात बघू देत एकदा. म्हणून तर म्हटलं मेल नको. मेलला काय चिकटवणार, कप्पाळ?"

ते आत गेले, कालचा शर्ट घेऊन आले, आणि वरून दुसऱ्या बटणाचा दोरा अगदी हलक्या हाताने उलगडायला लागले. वीतभर दोरा. त्यांनी तो ठकीसमोर पांढऱ्या कागदावर सरळ करून ठेवला आणि गोंदाची बाटली शोधायला वळले, मग थांबले, परत आले, दोरा उचलला आणि खिडकीशी गेले.

दोरा दोन रंगांचा होता.

ठकीला वाटलं, आपल्याच सावलीने तसं दिसलं असेल. ती बाजूला सरकली. पण नाही. अर्धा दोरा निळसर राखाडी होता, आणि गाठीपासून पुढचा अर्धा पिवळट, मातकट. बारीक बघावं लागावं असं काहीच नव्हतं. टेबलाच्या त्या टोकाला बसलेल्या माणसालासुद्धा सांगता आलं असतं की हे दोन दोरे आहेत आणि मध्ये गाठ आहे. तिला आधी वाईट नाही, हायसं वाटलं. ट्यूबलाइट. अर्थात ट्यूबलाइट. लहानपणापासून ऐकत आली होती ती, दिव्याखाली जुळलेलं उन्हात भांडतं म्हणून. आता बाबा खिडकीशी बघतील, कपाळावर हात मारतील, त्या बाईंच्या एसीला चार शिव्या घालतील, आणि सोमवारी पुन्हा जाऊन नीट करून देऊ म्हणतील. फार तर दिवस वाया.

मास्तरांनी दोरा दोन्ही हातांच्या चिमटीत ताणून धरला. डोळे किलकिले केले. जीभ टाळूला लावली. मान जरा डावीकडे, जरा उजवीकडे. उत्तरेचा स्वच्छ उजेड, सकाळची वेळ, आणि मध्ये ती गाठ उघडी पडलेली.

"चोख," मास्तर म्हणाले, आणि दोरा परत कागदावर ठेवून गोंद शोधायला आतल्या खोलीत गेले.

ठकीने दोऱ्याकडे पुन्हा बघितलं. तिने वर बघितलं तर आई तिच्याकडेच बघत होती. हातातली सुरी तिने खाली ठेवली होती.

"बोलू नकोस," आई हळूच म्हणाली.

"तुला माहीत होतं?"

"मोज्यांचा जोड चुकायला लागला. मग पिकलेलं आणि कच्चं फळ ओळखता येईना. मी कपडे काढून द्यायला लागले, बाजारात जाऊ देईना. डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं चष्म्याच्या निमित्ताने. डॉक्टर म्हणाले मागची नस जरा कमजोर आहे. ह्यांनी विचारलं, अक्षरं दिसतील ना? ते म्हणाले, दिसतील. ह्यांच्या दृष्टीने विषय संपला. मग मी एकटी परत गेले आणि नीट विचारून आले." आईने पदर तोंडाला लावला, मग काढला. "अक्षरं राहतील म्हणाले. रंग जातील. पिवळा, निळा आधी. परत यायचे नाहीत म्हणाले, कशानेच नाही."

"कधीची गोष्ट ही?"

"कारखाना चालू होता तेव्हाची."

"मग तिथे कसं चाललं?"

"तिथे दुसरी नजर होती ना," आई म्हणाली.

हे ठकीला माहीत होतं. रंगखान्याचा तो कायदाच होता. शेडमास्तर कितीही मोठा असू दे, त्याने पास केलेला धागा दुसऱ्या माणसाने बघितल्याशिवाय माल खाली जात नसे. त्या माणसाला म्हणायचे दुसरी नजर. त्याने मास्तरांच्या तोंडाकडे बघायचं नाही, फक्त धाग्याकडे बघायचं आणि बोलायचं, पास, किंवा कुठल्या अंगाला गेलाय ते. लाल अंगाला, निळ्या अंगाला, काय असेल ते. तिथे मास्तरांची दुसरी नजर म्हणजे त्यांचा जुना जोडीदार. शेवटचे महिने तो माणूस गुपचूप सावरून घेत असणार, आणि मास्तरांना वाटत असणार की आपलंच चाललंय. त्या नव्या कारखान्यात असं कुणी नव्हतं. तिथे एक मशीन होतं, तेही आजारी.

"आई, तू मला का नाही सांगितलंस?"

"तुला सांगितलं असतं तर तू त्यांना सांगितलं असतंस."

"मग काय, सांगायलाच हवं. ते कामावर जाणार, एक माल बिघडणार, दुसरा बिघडणार, ती बाई सगळ्यांसमोर त्यांना बोलणार..."

"बोलेल तेव्हा बोलेल." आईचा आवाज आता दबका राहिला नव्हता, तिने मुद्दाम नळ सोडला. "चार महिने तर मिळतील. मशीन दुरुस्त झालं तर कदाचित कुणाला कळणारही नाही. तू सकाळी जातेस आणि संध्याकाळी येतेस. मधला दिवस मी काढलाय ह्या माणसाबरोबर. भिंतीकडे तोंड करून पडलेला. आज त्यांनी दाढी केली, बघितलंस? मला विचारलं, डबा काय देशील. कधी विचारलं होतं मला डब्याचं? पत्र दे पाठवून. तो दोरा तेवढा वाटेत काढून टाक."

"आणि लोकांच्या कोटांवर पिवळ्या शिवणी दिसतील त्या?"

"लोकांचे कोट गेले खड्ड्यात," आई म्हणाली आणि नळ बंद केला.

ठकी कागदाकडे बघत बसली. आईवर चिडावं असं तिला फार वाटत होतं आणि चिडता येत नव्हतं. आई म्हणत होती त्यात चूक काय होतं? एका माणसाला पहिली तारीख मिळाली होती. ती काढून घ्यायची, आणि तीही लेकीने. रोज अनोळखी माणसांना नाही म्हणायचा तिला पगार मिळत होता, पण ती माणसं तिला कधी दिसत नसत. सोमवारी पत्र द्यायला आपणच जाणार, पाकीट आपल्याच हातात असणार, तिने मनाशी ठरवलं. कारखान्याच्या फाटकाबाहेर उघडायचं, दोरा काढायचा, पाकीट पुन्हा चिकटवायचं. कुणाला कळतंय? असं ठरवल्यावर तिला बरं वाटायला हवं होतं. तिला फक्त रडू येत होतं, आणि तेही आत ढकलावं लागत होतं, कारण मास्तर गोंद घेऊन आले.

"सुकलाय थोडा, पण चालेल," ते म्हणाले. खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले. गोंदाचा एक थेंब कागदाच्या खालच्या कोपऱ्यात सोडला, दोरा उचलला, आणि तसाच हातात धरून थांबले.

"थांब. असा कसा पाठवू? दुसरी नजर कुठे झालीय ह्याची?"

"काल बाईंनी बघितलं ना, बाबा."

"बाईंनी दिव्याखाली बघितलं. ती काय नजर झाली?" त्यांनी दोरा तिच्यापुढे धरला. चेहरा मजेत होता. ती लहान होती तेव्हा रविवारी तिला मांडीवर घेऊन, ह्याच खिडकीशी, ते असेच धागे दाखवायचे आणि तिने पास म्हटलं की तिला डोक्यावर उचलून घ्यायचे. "बोल. दुसरी नजर तू."

ठकीने दोऱ्याकडे बघितलं. आईने तिच्याकडे बघितलं. एका शब्दाचं काम होतं. पास. तो शब्द तिच्या तोंडात तयार होता, तिने तोंड उघडलंही, आणि तो बाहेर येईना. मग आला, पण फार उशिराने.

"पास," ती म्हणाली.

मास्तर हलले नाहीत. दोरा तसाच ताणलेला.

"दुसऱ्या नजरेला इतका वेळ लागत नाही, ठके," ते म्हणाले. "कुठल्या अंगाला गेलाय?"

तिने पेन कागदावर आडवं ठेवलं.

"मी रागावणार नाही. शेड आहे, चुकते. कुठल्या अंगाला?"

"पिवळ्या," ठकी म्हणाली.

"कुठली बाजू?"

"तुमची. तुम्ही रंगवलेली."

"किती?"

"बाबा..."

"किती, विचारलं. थोडा की बराच?"

"खूप," ती म्हणाली. "टेबलाच्या त्या टोकाकडून दिसतं."

मास्तर उठले आणि पुन्हा खिडकीशी गेले. दोरा नाकापर्यंत नेला. लांब धरला. एक डोळा झाकला, मग दुसरा. मग त्यांनी कपाटावरचा आईचा शिवणाचा डबा उघडला, त्यातून चाचपून दोन रिळं काढली आणि टेबलावर शेजारी शेजारी उभी केली.

"ही दोन एक आहेत की वेगळी?"

एक पांढरं होतं, दुसरं फिकट पिवळं. "वेगळी," ठकी म्हणाली.

"हं."

"अहो, राहू द्या ना आता," आई कट्ट्याशी उभी राहून म्हणाली. "गोंद वाळतोय."

मास्तरांनी बायकोकडे बघितलं, बराच वेळ, आणि त्या एका वाक्यावरून त्यांना कळलं, हिला हे आधीच माहीत होतं. कधीपासून, हे त्यांनी विचारलं नाही. त्यांनी रिळं परत डब्यात ठेवली, झाकण लावलं, आणि खुर्चीवर येऊन बसले. बसताना त्यांनी टेबलाचा आधार घेतला. इतक्या वर्षांत ठकीने त्यांना तसं बसताना कधी बघितलं नव्हतं.

"तू मघाशी पास का म्हणालीस?"

"तुम्ही इतक्या दिवसांनी आपणहून दाढी केली होतीत," ठकी म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिला गप्प करायचा प्रयत्न केला नाही. जरा वेळाने म्हणाले, "चल, पुढे लिही."

"बाबा, नका ना. दोरा न लावता पाठवू. मी बोलते त्या बाईंशी, दुसरं काही काम असेल, गोदामाचं, हिशेबाचं..."

"दुसऱ्या नजरेने पास म्हटल्याशिवाय माल बाहेर जात नाही. तुला काय वेगळं सांगायला पाहिजे? त्यांच्याकडे माझ्या हातचा नमुना पडलाय. उद्या त्यावरून माल रंगवायला घेतील. लिही."

त्यांचा आवाज रोजचा होता, रंगखान्यात फोनवर बोलायचे तसा, थोडा चढा. ठकीने डोळे पुसले आणि ते सांगतील ते जसंच्या तसं लिहीत गेली. या वेळी एक शब्दही बदलला नाही.

आभाराच्या ओळीखाली तिने लिहिलं: "मी काल जुळवून दिलेली शेड दिव्याखाली मिळते, पण उजेडात मिळत नाही. पिवळ्या अंगाला फार गेली आहे. त्यावर माल रंगवू नये. सोबत दोरा जोडला आहे, तो बाहेर जाऊन उन्हात धरून बघावा. चूक आपल्या दिव्याची नाही, माझ्या डोळ्यांची आहे. मला पिवळा रंग दिसत नाही, हे मला आज कळलं. त्यामुळे पहिल्या तारखेला मी येऊ शकत नाही. आपण मला मास्तर म्हणालात, त्याबद्दल पुन्हा आभार."

"शेवटचं वाक्य ठेवू का?" ठकीने विचारलं.

"ठेव. खरं आहे ते. बऱ्याच दिवसांनी कुणी बाहेरचं म्हणालं."

त्यांनी सही केली. सही ठसठशीत आली, डॉक्टर म्हणाले होते तशी अक्षरं त्यांना स्वच्छ दिसत होती. मग त्यांनी गोंदाचा नवा थेंब सोडला, दोरा त्यावर आडवा ठेवला, आणि बोटाने दाबून धरला. मध्यावर गाठ येईल असा त्यांनी तो बेताने ठेवला होता. नुसत्या स्पर्शाने त्यांना ती बरोबर सापडली. कागद वाळेपर्यंत त्यांनी बोट उचललं नाही.

"सोमवारी पोस्टात टाक. हाताने नको देऊस, उगाच बाई तुझ्याशी चांगलं बोलतील आणि तुला वाईट वाटेल."

"बरं."

आई येऊन त्यांच्या मागे उभी राहिली होती. तिने त्यांच्या कानामागचा वाळलेला फेस पदराने पुसला. त्यांनी पुसू दिला. गॅसवर काहीतरी उतू जात होतं आणि तिघांपैकी कुणीही उठलं नाही.

मास्तरांनी आपले दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले. नखांच्या कडांना जुन्या रंगाच्या रेषा होत्या, ज्या कारखाना बंद होऊन वर्ष झालं तरी गेल्या नव्हत्या. ठकीला त्या वेगवेगळ्या दिसत होत्या, जांभळी, हिरवी, विटकरी. त्यांना किती दिसत होत्या कोण जाणे.

"आता मी काय करू गं?" मास्तर म्हणाले.

हा प्रश्न त्यांनी आयुष्यात कधी कुणाला विचारला नव्हता. आई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. ठकी पाकिटावर पत्ता लिहायला लागली, कारण तेवढंच तिला करता येत होतं. मास्तर दोघींकडे आळीपाळीने बघत, कुणीतरी काहीतरी सांगेल म्हणून थांबून राहिले.